पहिला शोधनिबंध पाठवण्याआधी: टिपणवहीपासून छपाईनंतरपर्यंत

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की काही महिन्यांत व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास येतो. आंतरराष्ट्रीय जर्नल, आयएसएसएन क्रमांक आहे, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) सात-आठच्या घरात, तीन दिवसांत प्रकाशन, प्रत्येक लेखकाला वेगळं प्रमाणपत्र. खाली शुल्काची रक्कम आणि क्यूआर कोड. शोधनिबंध कसा उभा राहतो हे ज्याला अजून कुणी शेजारी बसून दाखवलेलं नाही, त्याच्या हातात हा संदेश पडतो, आणि आजूबाजूचे चार जण त्याच वाटेने गेलेले असतात. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या आणि बढतीसाठीच्या स्थाननिश्चितीच्या फाइलची काळजी लागलेल्या सहायक प्राध्यापकांसाठीही आहे.

प्रकाशनातल्या नीतीचा विचार आपल्याकडे बहुधा अगदी शेवटी होतो. प्रबंध बांधायला टाकण्याआधी सॉफ्टवेअरमधून इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याचा टक्का काढायचा आणि तो दहाच्या खाली आला की निश्चिंत व्हायचं. पण शेवटच्या दिवशी दुरुस्त करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पहिलं टिपण कसं काढलं, पहिली प्रश्नावली कशी भरून घेतली, नावांचा विषय मार्गदर्शकांपुढे केव्हा काढला, यावर बाकीचं सगळं ठरतं. म्हणून पायऱ्याही त्याच क्रमाने घेऊ.

पायरी १: टिपण काढताना दुसऱ्याचे शब्द वेगळे ठेवा

वाङ्मयचौर्याची जी प्रकरणं विभागात चौकशीला येतात, त्यांतल्या अनेकांचं मूळ एका वर्ड फाइलमध्ये सापडतं. वाचता वाचता आवडलेले परिच्छेद त्या फाइलमध्ये चिकटवलेले असतात, मधेमधे स्वतःची वाक्यं असतात, आणि सहा महिन्यांनी लिहायला बसल्यावर कुठलं कुणाचं हे लेखकालाही ओळखता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. उचललेला मजकूर लगेच अवतरणचिन्हांत घाला. त्याच ओळीत लेखक, वर्ष आणि पान क्रमांक लिहा. स्वतःचे विचार वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या वहीत ठेवा. ग्रंथालयातलं पुस्तक परत करण्याआधी पान क्रमांक टिपला आहे ना, हे बघा; नंतर त्या एका आकड्यासाठी पुन्हा खेप पडते आणि कंटाळा आला की माणूस संदर्भच गाळतो. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर संदर्भ सांभाळायला पुरेसं आहे.

शब्द बदलले म्हणजे कल्पना आपली होत नाही. दुसऱ्याचा युक्तिवाद तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या भाषेत मांडलात तरी संदर्भ द्यावाच लागतो. मूळ ग्रंथ न वाचता दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून नाव उचलत असाल, तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार’ असं स्पष्ट लिहा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जास्त जागरूक राहायला हवं. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणून आपल्या नावावर छापणं ही चोरीच आहे, आणि साम्य मोजणारी सॉफ्टवेअर ती सहसा पकडत नाहीत. पकडली जात नाही म्हणून ती आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली. भाषांतर करून घेतलेल्या मजकुराला मूळ लेखकाचं नाव द्या आणि ‘मराठी भाषांतर प्रस्तुत लेखकाचे’ एवढं जोडा. उलट दिशेनेही हाच नियम. एखाद्या तालुक्यातल्या स्थानिक अभ्यासकाने आयुष्यभर खपून जमवलेली माहिती इंग्रजी निबंधात ‘स्थानिक माहितीनुसार’ म्हणून घालणं अन्यायाचं आहे. त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत असतं. ते लिहा.

श्रेय किती नीट देता येतं याचा नमुना पाहायचा असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या पाहा. लाखाच्या वर ओव्यांचा तो संग्रह गाणारणींच्या आणि त्यांच्या गावांच्या नावांसह नोंदलेला आहे. लोकसाहित्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या नोंदींची पद्धत एकदा बारकाईने बघावी.

आता टक्क्यांबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम अधिसूचित केले. त्यात चार पातळ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर ते किरकोळ धरलं जातं आणि शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर सुधारित प्रबंध वर्षभर देता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. छापून आलेल्या निबंधांसाठी शिक्षकांना वेगळ्या शिक्षा आहेत: लेख मागे घेणं, वेतनवाढ रोखणं, दोन किंवा तीन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी न मिळणं.

या पातळ्यांचा एक चुकीचा अर्थ घरोघरी पोचला आहे, तो असा की १० टक्के उचलायची परवानगी आहे. अशी परवानगी कुठेही नाही. एखाद्याचा मुख्य निष्कर्ष तुम्ही न सांगता घेतलात आणि अहवालात साम्य फक्त तीन टक्के आलं, तरी ती चोरीच. उलट कायद्यावरच्या निबंधात कलमं उद्धृत केल्यामुळे पंचवीस टक्के आले तरी घाबरायचं कारण नाही. नीट श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळायचं, असं नियमच सांगतात. म्हणून अहवालाचं पहिलं पान बघून फाइल बंद करू नका. रंगवलेली प्रत्येक ओळ उघडा आणि ती कुठून आली हे स्वतःला विचारा.

टक्का उतरवण्यासाठी शब्द बदलून देणाऱ्या संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका. त्यातून निघणारा मजकूर विचित्र असतो. रूढ वैज्ञानिक संज्ञांच्या जागी भलतेच शब्द येतात. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ पासून अशा मोडक्या संज्ञांवरूनच संशयास्पद निबंध शोधून काढले आहेत. तपासणीसाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून २०१९ पासून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं. अनोळखी मोफत संकेतस्थळावर आपला अप्रकाशित मजकूर चढवू नका. तो पुढे कुणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही.

पायरी २: परवानगी आधी, डेटा जपून

माणसांवर संशोधन असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी लागते. नंतरची तारीख घातलेलं पत्र चालत नाही, आणि चांगलं जर्नल मंजुरीचा क्रमांक व तारीख मागतंच. वैद्यकीय क्षेत्रात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. औषध-चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करावी लागते.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य या विषयांत ‘आमचा साधा सर्व्हे आहे’ म्हणून संमती उरकली जाते. ऊसतोड कामगार बाईला इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा करायला लावणं ही संमती नव्हे. तिच्या बोलीत सांगा, नाही म्हणायचा हक्क आहे हे सांगा, आणि निबंधात तिचं गाव व कुटुंब ओळखू येईल असे तपशील एकत्र ठेवू नका. पाचशे उंबऱ्यांच्या गावात ‘एकमेव महिला ट्रॅक्टरचालक’ असं लिहिलं की नाव बदलून काहीच झाकलं जात नाही.

मूळ कागद जपा. भरलेल्या प्रश्नावल्या, तारखा घातलेली प्रयोगवही, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, यंत्राने दिलेल्या मूळ फाइली. छापल्यानंतरही निदान काही वर्षं हे सगळं सापडलं पाहिजे. आकडे पटत नाहीत म्हणून काढून टाकायचे असतील तर कारण निबंधात लिहा. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर उजेड कमी-जास्त करायचा तर पूर्ण चित्रावर सारखा करा, हवा तो भाग उठावदार करू नका. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वीस हजारांहून जास्त जीववैद्यकीय निबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत गैर वाटणारी, पुन्हा वापरलेली चित्रं सापडली.

डेटा आपण स्वतः पाहिला नसेल तर काय होतं, याचं जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ व्ही. जे. गुप्ता यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं शेकडो निबंध लिहिले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की त्यांतले काही जीवाश्म हिमालयातले नव्हतेच; मोरोक्को आणि न्यूयॉर्क इथल्या नमुन्यांशी ते जुळत होते. गुप्तांचे सहलेखक पुष्कळ होते आणि नमुना कुठे सापडला याबद्दल ते गुप्तांच्या शब्दावर विसंबले होते. हिमालयाच्या भूशास्त्रावरचं कितीतरी लेखन त्यामुळे पुन्हा तपासावं लागलं. एकतीस वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधावर ९६ हजार कोविड रुग्णांचा म्हणून एक अभ्यास छापला. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडे होता, तो इतर सहलेखकांनी पाहिलेला नव्हता, आणि स्वतंत्र तपासणीसाठी तो मागितला तेव्हा मिळाला नाही. दोन आठवड्यांत निबंध मागे घेतला गेला. तेवढ्या दिवसांत त्या निष्कर्षांवरून काही देशांत चालू चाचण्या थांबवल्या गेल्या होत्या.

पायरी ३: नावं कुणाची, हे लिहिण्याआधी ठरवा

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो आणि सगळ्यात कमी बोलणंही इथेच होतं.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांचा एक आंतरराष्ट्रीय गट १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भेटला होता. त्या गटाने पुढे घालून दिलेले लेखकत्वाचे निकष आज वैद्यकाबाहेरही मानले जातात. ते चार आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, डेटा जमवणं किंवा त्याचा अर्थ लावणं यांत ठोस वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची गंभीर चिकित्सा करण्यात सहभाग हवा. छापायच्या अंतिम मसुद्याला मंजुरी दिलेली हवी. आणि निबंधातल्या कुठल्याही भागावर प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी घेतलेली हवी. चारही एकत्र लागतात. निधी आणला, प्रयोगशाळेची किल्ली दिली, विभागप्रमुख आहेत, यांपैकी कशानेही कुणी लेखक होत नाही. त्यांचे आभार मानावेत.

तरीही नावं का घातली जातात? शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी यूजीसीचे २०१८ चेच वेगळे नियम आहेत, त्यांत निबंधांच्या गुणांची वाटणी अशी आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्या निबंधाच्या गुणांचे ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. म्हणजे दोघांनी एकमेकांची नावं घातली तर एका निबंधातून मिळणारे एकूण गुण वाढतात. ‘तू माझं घाल, मी तुझं घालतो’ हा व्यवहार इथून येतो. गुणांची रचना अशी आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. ज्या निबंधाचं एक वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही, त्यातल्या चोरीचे वाटेकरी मात्र तुम्ही पूर्णपणे होता.

मार्गदर्शकांचं नाव घालायचं का, हा प्रश्न नवा विद्यार्थी विचारतच नाही, कारण विचारणं उद्धटपणाचं वाटतं. विज्ञान शाखेत मार्गदर्शकाने प्रश्न सुचवलेला असतो, प्रयोग आखलेला असतो, मसुदा चार वेळा तपासलेला असतो. तिथे त्यांचं नाव हक्काचं आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांत एकट्याने लिहिलेला निबंध एकट्याच्याच नावावर छापायची जुनी आणि चांगली रीत आहे. नुसतं ‘गाईड’ असणं पुरेसं नाही.

हे बोलायचं कसं? काम सुरू होतानाच, आणि आदर राखून. ‘सर, या प्रकरणावर पेपर करायचा विचार आहे. कोण कोणता भाग करणार आणि नावांचा क्रम कसा राहील हे आत्ताच लिहून ठेवू या का? मी मेल करतो, तुम्ही बघून घ्या.’ मॅडम असोत वा सर, बहुतेकांना असं स्पष्ट विचारलेलं आवडतं, कारण त्यांनीही हे वाद सोसलेले असतात. मेल अवश्य करा. पुढे काम बदललं तर क्रमही बदलता येतो, पण पहिली नोंद हाताशी असते.

वगळलेल्या नावांचीही तेवढीच आठवण ठेवा. डेटाचं अर्ध्याहून जास्त विश्लेषण करून अर्थ लावणारी प्रकल्प सहायक मुलगी नोकरी सोडून गेली म्हणून तिचं नाव गळतं. तिला शोधा, मसुदा पाठवा. कुणी काय केलं हे सांगायला अनेक जर्नलं आता ‘क्रेडिट’ नावाची चौदा भूमिकांची यादी वापरतात. ती सुरुवातीलाच समोर ठेवून बसलात तर चर्चा सोपी होते. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा मोफत क्रमांकही काढून ठेवा. आपल्याकडे आडनावं आणि आद्याक्षरं इतकी सारखी असतात की त्याशिवाय दुसऱ्या कुणाचे निबंध तुमच्या नावावर चढतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना लेखक म्हणून नाव देता येत नाही, असं ‘कोप’ने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. कोप म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, १९९७ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी सुरू केलेली आणि आता जगभरच्या जर्नलांची झालेली संस्था. जबाबदारी घेऊ न शकणारं साधन लेखक होऊ शकत नाही, हा त्यांचा तर्क वरच्या चौथ्या निकषाशी जुळतो. वापर केला असेल तर कशासाठी केला ते जर्नलच्या नियमाप्रमाणे लिहा. ही साधनं अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे रचून देतात. म्हणून प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय सूचीत घालू नका.

पायरी ४: जर्नल निवडताना कुणाच्याही यादीवर डोळे मिटून विसंबू नका

याद्यांचा आपला इतिहास थोडा माहीत हवा. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं तिच्यात होती. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली त्या नावांचं विश्लेषण छापलं, विद्यापीठांकडून आलेल्या आणि तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं काढून टाकली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली आणि जर्नल पारखण्यासाठी फक्त सूचक मापदंड दिले. आता जबाबदारी संस्थेची आणि तुमची आहे. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं आजही कुणी संदेशात लिहीत असेल, तर पहिली शंका तिथेच घ्या.

पारख कशी करायची? जर्नलचं नाव संदेशातल्या दुव्यावरून उघडू नका. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकून खरं नाव आणि प्रकाशक बघा. चांगल्या जर्नलांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळं असतात, आणि नाव व क्रमांक दोन्ही चोरून ती लेखकांकडून पैसे घेतात. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे. तो दर्जाचा दाखला नाही. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलाच धरा. ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’, ‘इंटरनॅशनल’ अशी विशेषणं लावलेल्या इम्पॅक्ट फॅक्टरांना अर्थ नाही. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीमध्ये आहे असं म्हणत असतील तर स्कोपसच्या स्वतःच्या मोफत सूचीत जाऊन आजची स्थिती बघा. जर्नलं तिथून काढलीही जातात. खुल्या प्रवेशाचं, म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेत आहे का ते पाहा.

मग संपादक मंडळ. दोन नावं निवडा आणि त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन, त्यांनी या जर्नलचा उल्लेख केला आहे का ते बघा. शक्य असेल तर त्यांना एक ओळीचा मेल टाका. आपलं नाव तिथे आहे हे ठाऊकच नसलेले लोक असतात.

आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे तुमच्या विषयातले त्या जर्नलमधले तीन निबंध पूर्ण वाचा. एकाच अंकात मृदाशास्त्र, दलित साहित्य आणि बँकिंग शेजारी शेजारी असेल, संदर्भसूची दीड ओळीची असेल, सारांशात व्याकरणाच्या चुका असतील, तर तज्ज्ञाने तो लेख वाचलेला नाही हे तुम्हालाच कळेल. तीन दिवसांत प्रामाणिक तज्ज्ञ-परीक्षण होत नाही. ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढोबळ चुका पेरलेला एक बनावट औषधविषयक निबंध ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

पैसे घेतले म्हणजे जर्नल बोगस, असं मात्र समजू नका. खुल्या प्रवेशाची नावाजलेली जर्नलंही शुल्क घेतात. फरक असा की ते शुल्क आधीपासून जाहीर असतं, स्वीकृतीनंतर मागितलं जातं, आणि अडचण असेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो. शुल्क न घेणारी जर्नलंही भरपूर आहेत. ‘करंट सायन्स’ आपल्याकडे १९३२ पासून निघतं. मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये छापून यायला वेळ लागतो, पण नकार आला तरी त्यातून शिकायला मिळतं.

मराठीतल्या संशोधनपर नियतकालिकांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. वाईचं ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, ‘मराठी संशोधन पत्रिका’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचा पसारा लहान असतो, संकेतस्थळ साधं असतं, आंतरराष्ट्रीय सूचींत नाव नसतं. पण संपादक लेख वाचतात, प्रश्न विचारतात, परत पाठवतात. बोगस जर्नल ओळखायचं ते चकाकीवरून नाही, या वाचण्यावरून. मराठी वाचकासाठीचा विषय असेल तर अशा ठिकाणी लिहायला अजिबात संकोच करू नका; गुण कसे धरले जातात ते विद्यापीठाला आधी लेखी विचारून घ्या.

एकदिवसीय चर्चासत्राच्या ‘विशेषांका’बद्दलही सावध राहा. सकाळी नोंदणी, संध्याकाळी दोनशे निबंधांचा अंक हातात, यात परीक्षण झालेलं नसतं. चर्चासत्रात बोला, प्रश्न ऐका, घरी येऊन निबंध सुधारा आणि मग चांगल्या जर्नलला पाठवा. घाईचं मोठं कारण आता उरलेलंही नाही: यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, तेवढं विभागात विचारा.

पायरी ५: पाठवताना खरं ते सगळं सांगा

एक निबंध एका वेळी एकाच जर्नलला. चार महिने उत्तर आलं नाही तर नम्र चौकशी करा. कंटाळलात तर लेखी मागे घ्या, पोच मिळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. एका अभ्यासाचे तुकडे पाडून चार निबंध करू नका. त्याच डेटावर आधी काही छापलं असेल तर संपादकाला पत्रात सांगा. इंग्रजीत छापलेला स्वतःचा निबंध मराठीत आणायचा असेल तर दोन्ही संपादकांची परवानगी घ्या आणि पहिल्या पानावर मूळ प्रकाशनाचा उल्लेख करा. अशी दुबार प्रसिद्धी उघडपणे केली तर ती वैध आहे, आणि मराठी वाचकासाठी हवीही आहे.

निधी कुणी दिला, कंपनीशी किंवा संस्थेशी काही संबंध आहे का, हे लिहा. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीला ऑटिझमशी जोडू पाहणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला. लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलामार्फत त्यांना पैसे मिळत होते, हे तेव्हा सांगितलं गेलं नव्हतं. निबंध पूर्णपणे मागे घ्यायला २०१० साल उजाडलं, आणि त्यातून पसरलेली लशीची भीती अजून गेलेली नाही.

परीक्षकांची नावं सुचवायला सांगितलं तर मित्रांची देऊ नका, आणि संस्थेचा अधिकृत ईमेल द्या. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने बनावट ईमेल देऊन स्वतःच्याच निबंधांचं परीक्षण केल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. परीक्षण काही तासांत परत येत होतं, म्हणून संपादकाला शंका आली.

पायरी ६: परीक्षण सोसताना आणि करताना

परीक्षकाचा अहवाल आला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्या. पटलं नाही तर कारणासह नाही म्हणायची मुभा आहे. ‘या पाच निबंधांचा संदर्भ घाला’ असा आग्रह असेल आणि ते पाचही एकाच व्यक्तीचे असून तुमच्या विषयाशी लागत नसतील, तर संपादकाला तसं कळवा.

पुढे कधी तुम्हाला परीक्षणाला निबंध येईल. तो गुप्त असतो. मित्राला पाठवू नका, एआयच्या खिडकीत चिकटवू नका, त्यातली कल्पना स्वतःच्या कामात वापरू नका. लेखक तुमच्या विभागातला किंवा स्पर्धक असेल तर आधीच कळवून बाजूला व्हा. मार्गदर्शकांनी त्यांच्याकडे आलेलं परीक्षण तुम्हाला करायला दिलं, तर तुमचं नाव संपादकाला सांगायची विनंती त्यांना करा.

पायरी ७: छापून आल्यावर

चूक सापडली तर स्वतःहून संपादकाला लिहा. लहान असेल तर शुद्धिपत्र निघतं, निष्कर्षच डळमळत असेल तर निबंध मागे घेतला जातो. प्रामाणिक चुकीसाठी स्वतःहून निबंध मागे घेणाऱ्याला मी जास्त भरवशाचा संशोधक मानतो. दुसऱ्यांचे मागे घेतलेले निबंध तुमच्या सूचीत राहिले नाहीत ना, हेही पाठवण्याआधी तपासा. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंदसूची २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना मोफत खुली आहे.

बोगस जर्नलमध्ये निबंध आधीच छापला गेला असेल तर? मागे घेण्यासाठी ते पुन्हा पैसे मागतील, देऊ नका. मागे घेत असल्याचा मेल पाठवून त्याची प्रत ठेवा. मार्गदर्शकांना सांगा. तोच मजकूर गुपचूप दुसरीकडे पाठवू नका. नव्या संपादकाला सगळी हकीकत कळवून विचारा, काही जण विचार करतात. गुणांच्या अर्जात तो निबंध दाखवू नका.

आणि तुमचंच काम कुणी उचललं असेल, तर सोशल मीडियावर लिहिण्याआधी पुरावा जमवा. तुमच्या मसुद्यांच्या तारखा, मेल, आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवलेला तक्ता. पहिलं पत्र त्या जर्नलच्या संपादकाला. उत्तर नाही आलं आणि जर्नल कोपचं सदस्य असेल, तर कोपकडे. उचलणारी व्यक्ती भारतातल्या विद्यापीठातली असेल तर वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तिच्या विभागात आणि संस्थेत शैक्षणिक सचोटी पॅनेल असायला हवं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.